बंदीच्या दिवसांत डोक्याची बॅटरी घेताय? मग आधी हे वाचा



१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद. इंजिनं खोलायची, होडीला रंग काढायचा, फाटलेली जाळी शिवायची आणि जमेल तशी पुढच्या हंगामाची खरेदी करायची, हेच आपले हे दोन महिने. दोर, बोये, शिसं, इंजिनाचं सामान यावर आपण तासन्‌तास वाद घालतो. नायलॉन कुठल्या नंबरचं घ्यायचं यावर तर एकेका घरात दोन पक्ष. पण यादीच्या अगदी तळाला एक ओळ असते: "बॅटऱ्या ४". कसल्या, कोणासाठी, कुठे वापरायच्या, काही नाही. दुकानदार पुढ्यात ठेवील ती उचलायची, आणि उचलताना एकच बघायचं, समोरच्या भिंतीवर उजेड किती लांब पडतो.

आमच्या मते ही ओळ यादीत वर यायला हवी. डोक्याला बांधायची बॅटरी, म्हणजे हेडटॉर्च, आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. पहाटे तीनला रेतीवरून होडी ढकलणाऱ्याला दोन्ही हात लागतात. जाळं ओढणाऱ्याला लागतात, इंजिनात पेट्रोल ओतणाऱ्याला लागतात. आजही कित्येक होड्यांवर माणसं मोबाईल दातांत धरून जाळ्यातली मासळी सोडवतात. दातांत मोबाईल धरलेल्या माणसाला ओरडता येत नाही. शेजारचा पाण्यात पडला तर हा आधी तोंडातला मोबाईल काढणार, तो कुठे ठेवायचा बघणार, मग हाक मारणार. तेवढ्या वेळात होडी पुढे गेलेली असते.

आपल्या आज्या-पणज्यांच्या वेळी कंदील होता, मग पेट्रोमॅक्स आला. वारा सुटला की दोन्ही विझायचे, आणि आता होडीत पेट्रोलचे कॅन असताना उघडी वात कोणी नेणारही नाही. हातातली बॅटरी आली तेव्हा बरं वाटलं, पण तिने एक हात कायमचा अडवला. डोक्याची बॅटरी आली आणि हात मोकळे झाले. इथवर सगळ्यांचं एकमत आहे. पुढे आमचं आणि बऱ्याच मालकांचं पटत नाही.

मालक म्हणतात, जेवढा उजेड जास्त तेवढी बॅटरी चांगली. आम्ही म्हणतो, होडीवर, जेटीवर आणि खोपीत सगळ्यात जास्त उजेडाची बॅटरी ही बहुतेक वेळा सगळ्यात वाईट बॅटरी असते.

कारण डोळा. काळोखात गेल्यावर डोळ्याला पुरतं सरावायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. हा सराव झाला की बिनचांदण्या रातीलाही तांडेलाला लाटेची पांढरी कड दिसते, समोरच्या होडीचा आकार दिसतो, पाण्यावर तरंगणारा बोया दिसतो. आणि हा अर्ध्या तासाचा सराव पांढऱ्या झगझगीत उजेडाने दोन सेकंदांत जातो. मागच्या बाजूला जाळं आवरणाऱ्या पोराने "तांडेलानू, गाठ बसली" म्हणून मान वर केली, त्याच्या कपाळावरचा उजेड तांडेलाच्या तोंडावर पडला, की पुढची दहा-वीस मिनिटं तांडेल अर्धा आंधळा. पोराचा यात काही दोष नाही. माणूस ज्याच्याशी बोलतो त्याच्याकडे बघतोच, आणि डोक्याची बॅटरी माणूस बघेल तिकडे बघते. हीच तिची सोय आणि हीच तिची खोड.

आता ही गोष्ट भर समुद्रात झाली तर एक वेळ चालेल. पण बेतुलला साळ नदीच्या तोंडाशी किंवा शापोराच्या तोंडाशी, जिथे रेतीची पट्टी दर पावसाळ्यानंतर जागा बदलते, तिथे आत शिरताना असं झालं तर? तिथे तांडेल जीपीएसवर कमी आणि लाट कुठे फुटते यावर जास्त चालतो. म्हणून आमचं पहिलं सांगणं: नदीच्या तोंडाशी आल्यावर होडीवरची प्रत्येक पांढरी बॅटरी बंद. तांडेलाने सांगायची वाट बघायची नाही.

यावर उपाय जुना आणि साधा आहे, लाल उजेड. काळोखात बघणाऱ्या डोळ्याच्या पेशी लाल रंगाला फारशा जुमानत नाहीत, म्हणून मंद लाल उजेडात काम केलं तर काळोखाचा सराव बराचसा टिकतो. इथे "मंद" हा शब्द महत्त्वाचा. लाल असला तरी भगभगीत उजेड डोळा बिघडवतोच. बाजारात आता बऱ्याच हेडटॉर्चमध्ये लाल दिवा असतो, पण घेताना एक गोष्ट हातात घेऊन बघा. काही बॅटऱ्यांमध्ये लालपर्यंत पोचायला आधी पांढरा मोठा, मग पांढरा मध्यम, मग लुकलुकणारा, असे तीन दिवे ओलांडावे लागतात. म्हणजे डोळे वाचवायला लाल दिवा लावायचा, आणि तो लावताना आधी डोळे घालवायचे. अशी बॅटरी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. लाल दिव्याला वेगळं बटण हवं, किंवा बटण दाबून धरलं की सरळ लाल लागायला हवा.

लाल उजेडाची एक उणीव आहे, ती कोणी सांगत नाही. लाल उजेडात लाल रंग दिसत नाही. रक्त दिसत नाही, लाल दोरा दिसत नाही, लाल वायर आणि पांढरी वायर सारखी दिसते. मासळीचे कल्ले ताजे लाल आहेत की तपकिरी पडलेत ते कळत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जाळ्यात आलेला दर्यातला साप चटकन ओळखू येत नाही. जाळ्यातून साप येतात हे आपल्यातल्या कोणालाही सांगायला नको, आणि ते विषारी असतात हेही नको. शिंगाळ्याचा काटा, पाकटाच्या शेपटीचा काटा, हे सगळं बघायला पांढराच उजेड हवा. म्हणून जाळं रिकामं करताना, मासळी निवडताना पांढरा, पण खाली हातावर पडणारा. चालताना, बसताना, वाट बघताना लाल. ज्यांना सगळ्याला एकच दिवा पाहिजे त्यांनी हातातलीच बॅटरी ठेवावी.

मग पांढरा उजेड किती हवा? डब्यावर ल्युमेन नावाचा आकडा असतो, तो एकूण उजेडाचं माप. हाताच्या अंतरावरच्या कामाला, म्हणजे गाठ सोडवणं, सुई ओवणं, मासळी निवडणं, याला ३० ते ५० ल्युमेन पुरतात. खडकातून चालायला, होडी ओढायला १०० ते १५०. दूरचा बोया शोधायला ३०० असले तर बरं. त्याहून जास्त कपाळावर बांधून काही मिळत नाही, सेल तेवढा लवकर संपतो. आणि डब्यावर "९०,००० ल्युमेन" लिहिलेलं दिसलं तर डबा तिथेच ठेवा. गाडीच्या पुढच्या दिव्यातला साधा हॅलोजन बल्ब हजार ते सोळाशे ल्युमेन देतो. अडीचशे रुपयांच्या बॅटरीत असल्या पन्नासाहून जास्त बल्बांचा उजेड असेल तर आपण सगळ्यांनी मासेमारी सोडून विजेचं केंद्रच काढूया.

तसंच सेलचं. जाडसर लांबोडा जो लिथियम सेल येतो, १८६५० नावाचा, त्यात चांगल्यातल्या चांगल्या कंपनीचा असला तरी साधारण ३५०० एमएएचच्या आसपासच वीज मावते. त्यावर ९९०० लिहिलेलं असेल तर ते छापणाऱ्याच्या शाईची कमाल. असा सेल हातात घेतला की बऱ्याचदा हलकाच लागतो. आणि "१०० तास चालते" यातही मेख आहे. ज्या मापाने हे तास मोजतात त्यात उजेड सुरुवातीच्या दहाव्या हिश्श्यावर येईपर्यंतचा वेळ धरतात. म्हणजे शेवटचे कित्येक तास बॅटरी "चालू" असते, पण तिच्या उजेडात सुई ओवता येत नाही. आकडा अर्धा धरा आणि मग विचार करा.

आपल्या तांडेलांचा एक आक्षेप आम्ही मानतो. ते म्हणतात, कांडाळीचा बोया अर्ध्या मैलावर शोधायचा तर तुमच्या ३०० ल्युमेनने काय होणार? बरोबर आहे. त्यासाठी होडीवर एक मोठा हातातला झोत वेगळा ठेवा, तांडेलाच्या ताब्यात. पण त्याआधी एक स्वस्त काम करा. बोयाच्या काठीला, जॅकेटच्या खांद्याला, होडीच्या दोन्ही टोकांना उजेड परत फेकणारी पट्टी चिकटवा, रस्त्यावर ट्रकच्या मागे असते तसली, पण पाण्यात टिकणारी. ही पट्टी उजेड जिथून येतो तिथेच परत फेकते. डोक्याची बॅटरी डोळ्यांपासून चार बोटांवर असते, त्यामुळे परत आलेला उजेड सरळ डोळ्यांत येतो आणि पट्टी पेटल्यासारखी चमकते. हातातल्या बॅटरीने, ती कंबरेजवळ धरली तर, तेवढी चमकत नाही. काळोखात पाण्यात पडलेला माणूस शोधताना त्याच्या खांद्यावरची दोन बोटं रुंदीची पट्टी जे काम करील ते हजार ल्युमेन करणार नाहीत. आम्ही तर म्हणू, पैसे एकाच गोष्टीला असतील तर आधी पट्टी घ्या, मग बॅटरी.

कायद्याचंही थोडं सांगतो, कारण विचारणारे विचारतात. समुद्रावरच्या टक्करी टाळायचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. त्यातला २० वा नियम सांगतो की रात्री नेमून दिलेले दिवे लावायचे आणि त्यांच्याशी गल्लत होईल, ते झाकले जातील किंवा पहारा ठेवणाऱ्याला अडथळा होईल असे दुसरे दिवे दाखवायचे नाहीत. डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा, हे आपल्याला पाठ आहे. आता विचार करा, आपल्या नाळेवर बसलेल्या माणसाच्या कपाळावर लाल दिवा आहे आणि तो समोर बघतोय. पलीकडच्या ट्रॉलरवाल्याला वाटणार, ही होडी आपल्याला डावं अंग दाखवते. म्हणून लाल दिवाही खालीच वाकवलेला हवा. बॅटरीची मान खाली वाकते का, आणि वाकवली तिथेच राहते का, हे दुकानातच बघा. धक्क्याने आपोआप वर जाणारी मान काही कामाची नाही.

वल्ह्यावर चालणाऱ्या लहान होडीबद्दलही त्याच नियमांत आहे: बाकी दिवे लावता आले नाहीत तर पांढऱ्या उजेडाची बॅटरी किंवा कंदील हाताशी तयार ठेवायचा आणि टक्कर टळेल इतक्या वेळेत दाखवायचा. म्हणजे खाडीत वल्हं मारणाऱ्या आपल्या म्हाताऱ्या काकांनाही बॅटरी लागतेच. ती त्यांनी डोक्याला बांधावी आणि बाहेरून मोठी होडी आली की मान तिकडे करावी. त्यांच्यासाठी यासारखी सोय नाही.

एक फाटा मध्येच. मागे कोणीतरी गंमतीने विचारलं होतं, एलईडीवर बंदी आहे ना, मग डोक्याची एलईडी कशी चालते? बंदी आहे ती मासळी खेचून आणायला पाण्यावर झोत टाकून मासेमारी करण्यावर. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने आपल्या विशेष आर्थिक क्षेत्रात ती घातली, आणि ती नीट पाळली जावी म्हणून आपण अजून ओरडतोच आहोत. कपाळावरच्या दिव्याने बांगडा येत नाही. आला असता तर आमच्या रापणकारांचे दिवस असे नसते.

आता किनाऱ्यावर येऊ. आपली निम्मी रात्र होडीवर जात नाही, ती खोपीत, जेटीवर आणि रेतीत जाते. जेवण शिजवायचं, भांडी घासायची, जाळं पसरायचं, ताटकळत बसायचं. कुटबणला, मालीमला, खारीवाड्यावर ट्रॉलरवरचे खलाशी हंगामभर होडीवरच राहतात, त्यांचं घरच ते. तिथे प्रत्येकाच्या कपाळावर एकेक झोत आणि सगळे एकमेकांकडे बघतात, म्हणजे नुसता डोळ्यांचा छळ. यावर एक सोपी युक्ती: पाण्याचा पांढरट प्लास्टिकचा कॅन घ्या, पाण्याने भरलेला, आणि हेडटॉर्चचा पट्टा त्याला बांधा, दिवा आतल्या बाजूला. सगळा कॅन उजळतो आणि मंद, पसरलेला उजेड आजूबाजूला पडतो. एका बॅटरीत पाच-सहा माणसांचं जेवण होतं. सगळ्यात कमी उजेडावर ठेवली तर सेल रात्रभर पुरतो. आणि हो, पाण्याचाच कॅन. पेट्रोलच्या कॅनला दिवा बांधणारा कोणी नसेल अशी आशा आहे. पेट्रोल ओततानाही बॅटरी आधी, लांबवर लावा, आणि झाकण बंद झाल्यावरच बंद करा. बटणात ठिणगी पडते की नाही याची परीक्षा पेट्रोलच्या वाफेत घ्यायला नको.

आपल्या बायका-बहिणींचं नाव या खरेदीत कधी येत नाही. पहाटे जेटीवर मासळी निवडणारी, बर्फ भरणारी, पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला जाणारी तीच. एका हातात मोबाईलचा उजेड आणि दुसऱ्या हाताने सुंगटं निवडायची, हे आपण रोज बघतो आणि आपल्याला काही वाटत नाही. पाटी डोक्यावर असताना हेडटॉर्च चालत नाही, हे खरं. पण तीच बॅटरी गळ्यात अडकवता येते किंवा कंबरेला लावता येते. त्यांच्यासाठी घेताना थोड्या पिवळसर उजेडाची घ्या. निळसर पांढऱ्या उजेडात मासळी फिकी आणि शिळी दिसते, घेणाराही तसाच भाव करतो. पिवळसर उजेडात रंग खरा दिसतो.

गळ्यात अडकवायची युक्ती पुरुषांनीही शिकावी, पावसासाठी. पावसात किंवा लाटेचे तुषार उडत असताना कपाळावरचा दिवा थेंबांवर पडतो आणि तिथूनच डोळ्यांत परततो, समोर पांढरी भिंत उभी राहते. तोच दिवा छातीवर किंवा कंबरेवर आणला की भिंत विरळ होते. पहिल्या पावसात चढणीचे मासे पकडायला शेतांत जाणारे आपले पोरगे हे करून बघू शकतात, त्यांची तर आताच सुरुवात होईल. पायाखाली बघा, एवढंच त्यांना सांगणं. त्या रात्री बाहेर पडलेले तुम्ही एकटे नसता.

मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथल्या सभासदांसाठी वेगळं सांगायलाच हवं. कासवांच्या हंगामात या किनाऱ्यांवर पांढरी बॅटरी घेऊन फिरायचं नाही. अंडी घालायला येणारी मादी उजेड दिसला की मागे फिरते. पिल्लं अंड्यांतून बाहेर आली की जिकडे उजळ दिसतं तिकडे धावतात, कारण मोकळ्या किनाऱ्यावर उजळ बाजू म्हणजे दर्या. मागे खोपीत झगझगीत दिवा असला तर ती खोपीकडे येतात आणि सकाळपर्यंत कावळे-कुत्र्यांच्या तोंडी जातात. हे कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तेव्हा प्रकरण साधं नाही. आपल्याला होडी तर काढायचीच असते, मग ती मंद लाल उजेडात, दिवा पायांकडे ठेवून काढा. पर्यटकांच्या शॅकचे दिवे राहू द्यायचे आणि आम्हालाच काय सांगता, असं काही जण म्हणतील. त्यांचा राग रास्त आहे. शॅकच्या दिव्यांविरुद्ध बोलायला आम्ही तयार आहोत, पण आपल्या कपाळावरचा दिवा लाल असला तर आपलं बोलणं जास्त ऐकलं जाईल.

खाऱ्या पाण्याचं आता. डब्यावर आयपीएक्स आणि पुढे आकडा असतो. ४ म्हणजे शिंतोडे सोसेल. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल. होडीसाठी ७ पेक्षा कमी घेऊ नका. पण ही परीक्षा गोड्या पाण्यात होते. खारं पाणी आत न जाताही बाहेरून खातं, आणि सगळ्यात आधी चार्जिंगचं भोक खातं. त्या भोकावरचं रबरी बूच हे आमच्या अनुभवात बॅटरीचं मरण ठरवतं. बूच सैल झालं की महिन्याभरात आत हिरवा गंज. परत आल्यावर बूच घट्ट लावून बॅटरी गोड्या पाण्यात बुचकळा, फडक्याने पुसा, सावलीत वाळवा. रबरी कड्याला महिन्यातून एकदा सिलिकॉन ग्रीसचा हात द्या, व्हॅसलीन नको, काही रबरं त्याने फुगतात. पट्टाही धुवा. घाम आणि मीठ मुरलेला पट्टा कपाळावर पुरळ आणतो, मग माणूस बॅटरी बांधायचीच सोडतो.

चार्जिंगची की सेलची, या वादात आमचं मत होडीप्रमाणे बदलतं. रोज घरी येणाऱ्या लहान होडीला चार्जिंगची परवडते. आठवडा-आठवडा बाहेर राहणाऱ्या ट्रॉलरवर निदान अर्ध्या तरी बाजारात मिळणाऱ्या साध्या तीन पेन्सिल सेलवर चालणाऱ्या हव्यात, किंवा दोन्हींवर चालणाऱ्या. कोणतीही घ्या, सेल बाहेर काढता येतो का बघा. आत कायमचा बसवलेला सेल दोन-तीन वर्षांत दमला की अख्खी बॅटरी फेकावी लागते. लिथियमचा सेल ओला असताना चार्जला लावू नका आणि चार्जला लावून झोपू नका. लाकडी होडीत आग लागली तर उडी मारायला समुद्र आहे, एवढाच दिलासा. आणि बंदीच्या महिन्यांत साधे सेल काढून ठेवा, नाहीतर ऑगस्टमध्ये आत पांढरी बुरशी आलेली असेल.

आणखी दोन बारीक गोष्टी, ज्या दुकानदाराला माहीत नसतात. डोक्याच्या मागे सेलची पेटी आणि पुढे दिवा, मधून वायर, अशी बॅटरी होडीवर नको. ती वायर जाळ्याच्या डोळ्यात अडकते, आणि जाळं त्या वेळी पाण्याकडे ओढत असतं. पट्ट्याचं लोंबणारं टोकही कापून टाका, विंचजवळ काम करणाऱ्यांनी तर नक्की. दुसरं, हात हलवला की लागणारी बॅटरी घेऊ नका. आपले हात सतत हलतात, ती रात्रभर लागत-विझत राहील. लुकलुकणारा दिवा संकटासाठी राखून ठेवा, काम करताना तो लागला तर तेवढ्यापुरतं शेजारच्याला भोवळ आणायला पुरेसा आहे. बॅटरीला दोन वीत दोरी बांधून कॉलरमध्ये अडकवा, कारण बहुतेक बॅटऱ्या तरंगत नाहीत. आणि बॅटरी जॅकेटच्या जागी नाही. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर खलाशांच्या मोबाईलमध्ये आहे का, तेही त्याच बैठकीत बघून घ्या.

शेवटी पैशांचं, कारण खरा वाद तिथे आहे. कामाची बॅटरी हजार-दीड हजारापर्यंत येते. होडीवर सहा माणसं असतील तर नऊ हजार. मालक म्हणतात, खलाशी हंगाम संपला की बॅटरी घेऊन गावी जातो. जाऊ द्या ना. ओडिशा, झारखंडहून आलेला पोरगा आपल्या होडीवर आठ-नऊ महिने रात्रीचा राबला आणि जाताना एक बॅटरी घेऊन गेला, तर ती चोरी नव्हे. एक फाटलेलं जाळं दुरुस्त करायला आपण यापेक्षा जास्त घालतो. खलाशाच्या हिश्श्यातून बॅटरीचे पैसे कापायचे, ही पद्धत काही होड्यांवर आहे ती बंद व्हावी असं आमचं स्पष्ट मत आहे. जॅकेट मालकाचं, तसा उजेडही मालकाचा. आणि माणशी एक. होडीमागे दोन बॅटऱ्या असल्या की त्या दोन सगळ्यात जुन्या माणसांच्या डोक्यावर जातात आणि काठावर उभा राहणारा नवा पोरगा काळोखात राहतो. पडतो तो तोच.

सोसायटीने एकत्र घेतल्या तर भाव खाली येतो, आणि मुख्य म्हणजे आधी नमुना आणून बघता येतो. आम्ही दोन-तीन प्रकारच्या बॅटऱ्या मागवून कार्यालयात ठेवणार आहोत. बादलीत खाऱ्या पाण्यात रात्रभर बुडवून, सकाळी काढून, सगळ्यांसमोर लावून बघू. ज्या टिकतील त्यांचीच मागणी नोंदवू. जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आपल्या होडीचं नाव, माणसं किती, किनाऱ्यावर मासळी निवडणाऱ्या बायका किती, आणि चार्जिंगच्या हव्यात की सेलच्या, एवढं कार्यालयात लिहून द्या. परत फेकणाऱ्या पट्टीचा गुंडाळाही त्याच मागणीत घेऊ, ज्यांना किती मीटर हवी त्यांनी तेही लिहावं. बॅटरी बघायला येताना शक्यतो तांडेलाला घेऊन या, आणि संध्याकाळी सातनंतर या. दुपारच्या उन्हात सगळ्याच बॅटऱ्या सारख्या दिसतात.